एस्प्लनेडची तेवीस मिनिटे

कलकत्त्याला जाऊन आलेल्या माणसाच्या मनातून एस्प्लनेडचे चित्र सहसा पुसले जात नाही. एका अंगाला मैदानाची विस्तीर्ण हिरवळ, दुसऱ्या अंगाला चौरंगीची दुकाने, पलीकडे राज्यपालांच्या निवासस्थानाचे आवार, आणि या सर्वांवर नजर ठेवून उभा असलेला तो उंच मनोरा. १८२८ साली तो उभारला तेव्हा त्याला ऑक्टरलोनी नावाच्या सेनापतीचे नाव होते. १९६९ पासून तो शहीद मिनार झाला. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली ती याच एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत. आणि २०२४ साली हुगळीच्या पात्राखालून जी गाडी धावू लागली तीही हावड्याकडून येथेच येऊन पोचते.

मराठी माणसाचा आणि या शहराचा पहिला परिचय फारसा सुखाचा नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला आणि त्याला नावच ‘मराठा डिच’ असे पडले. त्या स्वारीचे उट्टे कलकत्त्याने आता काढले आहे असे गमतीने म्हणता येईल. कारण पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतील एखाद्या संगणकाचा हिशेब जेव्हा नेमका तेवीस मिनिटांनी चुकतो, तेव्हा त्या चुकीचे मूळ कलकत्त्याच्या आकाशातील सूर्यात सापडते. हे विधान चमत्कारिक वाटेल; पण ते अक्षरशः खरे आहे, आणि तेच आज उलगडून सांगावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु त्यातील चूक कल्पित नाही. एस्प्लनेडच्या परिसरात लांब पल्ल्याच्या रात्रीच्या गाड्यांची तिकिटे विकणारी एक खासगी खिडकी आहे असे समजा. खिडकीवर एक कारकून बसतो. तिकीट फाडले की संगणकात नोंद होते, पैसे गल्ल्यात पडतात. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला दिवस संपतो. कारकून गल्ला मोजून मालकाच्या स्वाधीन करतो, आणि सकाळी मालक आदल्या दिवसाच्या विक्रीचा आकडा संगणकाला विचारतो. दुर्गापूजेचे दिवस आहेत. ९ ऑक्टोबरला गल्ल्यात ८६,४०० रुपये निघाले आणि संगणकाने विक्री सांगितली ८१,००० रुपये. मालक म्हणाला, असेल काही चूक, पैसे जास्त आहेत तर तक्रार कसली! दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, गल्ल्यात निघाले ७४,५०० आणि संगणक म्हणतो विक्री झाली ७९,६०० रुपयांची. आता ५,१०० रुपये कमी. मालकाच्या मनात जे यावयाचे ते आलेच. आदल्या दिवशी मागे ठेवलेले पैसे उघडे पडले आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी हात मारला, असा सरळ अर्थ त्याने लावला. यंत्र खोटे बोलत नाही, माणूस बोलतो, हा आपल्या काळाचा एक मोठा समज आहे. त्या समजापायी खिडकीवरच्या कारकुनाची नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागल्या.

या ठिकाणी कोणावर विश्वास ठेवावा? उत्तर देण्याआधी संगणकाला प्रश्न विचारला म्हणजे काय घडते ते पाहिले पाहिजे.

संगणकातील नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. आज सर्वत्र रूढ असलेली त्याची मांडणी एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली सुचविली. सर्व नोंदी ओळी आणि स्तंभ असलेल्या कोष्टकांत ठेवावयाच्या, आणि कोष्टकांना प्रश्न विचारावयाचे ते तर्कशास्त्राच्या नियमांनी, एवढेच तिचे सार. प्रश्न विचारण्यासाठी १९७४ च्या सुमारास चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी एक भाषा तयार केली. तिचेच आजचे नाव एस्क्यूएल. या भाषेतील प्रश्नाला क्वेरी म्हणतात. आपण त्याला पृच्छा म्हणू.

परंतु संकेतस्थळे बांधणारे प्रोग्रामर ही पृच्छा बहुधा स्वतः लिहीत नाहीत. ते एखादे वेब फ्रेमवर्क वापरतात, म्हणजे अर्धेअधिक काम आधीच करून ठेवलेला एक तयार सांगाडा. जँगो हा असाच एक प्रसिद्ध सांगाडा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो जन्मला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला, आणि राइनहार्ट नावाच्या गिटारवादकाचे पहिले नाव त्याला मिळाले. प्रोग्रामर आपला प्रश्न पायथन या भाषेत मांडतो. जँगोमधील एक थर त्याची पृच्छा बनवितो, साठ्याकडे पाठवितो आणि आलेले उत्तर परत पायथनमध्ये आणून देतो. हा थर म्हणजे दुभाषा.

एस्प्लनेडशी निगडित असाच एक दाखला घ्यावयाचा तर राष्ट्रीय ग्रंथालयाचा घेता येईल. १९५३ साली ते बेल्व्हेडियरच्या वाड्यात वाचकांसाठी खुले झाले. त्यापूर्वी त्याचा मुक्काम एस्प्लनेडवर होता. मोठ्या ग्रंथालयात वाचक कपाटापर्यंत जात नाही. तो चिठ्ठी लिहितो, आणि आतला माणूस चिठ्ठीवर जे असेल ते पुस्तक आणून देतो. भलतेच पुस्तक हाती आले, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो. कपाटात पुस्तक चुकीच्या जागी लावलेले असेल, आतल्या माणसाने चिठ्ठी नीट वाचली नसेल, किंवा चिठ्ठीच चुकीची लिहिली गेली असेल. अनुभवी ग्रंथपाल प्रथम काय मागतो? चिठ्ठी. तो म्हणतो, तुम्हाला काय हवे होते ते मागाहून सांगा. आधी तुम्ही काय लिहून दिलेत ते पाहू द्या.

पृच्छेच्या तपासातही पहिला नियम हाच, आणि आश्चर्य असे की तोच सर्वांत अधिक वेळा मोडला जातो. उत्तर चुकले की प्रोग्रामर आपले पायथनमधील वाक्य दहा वेळा वाचतो. ते बिनचूक दिसते, कारण ते त्याच्या मनातील अर्थाने वाचले जाते. दुभाष्याने प्रत्यक्ष साठ्याच्या कानात काय सांगितले ते मात्र पाहावयाचे राहून जाते. जँगोत ती पृच्छा जशीच्या तशी पाहण्याची सोय आहे. साठाही आपल्याकडे आलेल्या प्रश्नांची रोजनिशी ठेवू शकतो. कष्ट फक्त ती उघडण्याचे.

आपल्या खिडकीच्या प्रकरणात ती उघडली तर काय दिसेल? मालकाचा प्रश्न साधा होता: १० ऑक्टोबरच्या विक्रीची बेरीज सांग. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. जँगोसारखे सांगाडे वेळ साठवितात ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, जिला यूटीसी म्हणतात. आपली भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून आपली १० तारखेची पहाटेपूर्वीची मध्यरात्र ही जागतिक वेळेने ९ तारखेच्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे १८ वाजून ३० मिनिटांनी येते. पृच्छेत हीच सीमा हवी होती. प्रत्यक्षात तेथे होते १८ वाजून ७ मिनिटे. दिवसाच्या दुसऱ्या टोकालाही तेच: ३० च्या जागी ७. याचा अर्थ मालकाचा ‘दिवस’ मध्यरात्री सुरू न होता आदल्या रात्री ११ वाजून ३७ मिनिटांनी सुरू होत होता आणि त्याच वेळेला संपत होता.

आता आकडे जुळवून पाहा. ९ तारखेला रात्री ११:३७ नंतर पूजेच्या गर्दीत ७,२०० रुपयांची तिकिटे गेली होती. ती संगणकाने १० तारखेत ढकलली. त्याच्या आदल्या रात्रीची त्या वेळची १,८०० रुपयांची विक्री ९ तारखेत शिरली. ८६,४०० मधून ७,२०० वजा केले आणि १,८०० मिळविले की बरोबर ८१,००० येतात. १० तारखेला रात्री ११:३७ नंतर २,१०० रुपयांची विक्री होती. ७४,५०० मधून ते वजा करून आदल्या रात्रीचे ७,२०० मिळविले की ७९,६०० होतात. कारकुनाचा गल्ला पैपैशाने खरा होता. साठ्यातील प्रत्येक नोंदही खरी होती आणि साठ्याने दिलेली बेरीजही खरी होती. फक्त ती विचारलेल्या दिवसाची नव्हती.

ही चूक महिनोन्‌महिने दडून राहते, याचे कारणही या आकडेमोडीतच आहे. एका दिवसातून जे सुटते ते दुसऱ्या दिवसात पडते. महिन्याची बेरीज काढली की जवळजवळ सर्व फिटून जाते. रात्री विक्रीच नसलेल्या दुकानाला तर ती कधीच दिसणार नाही. आणि प्रोग्रामर आपले काम तपासतो ते दुपारी चहाच्या सुमारास; मध्यरात्रीच्या अलीकडची वीस मिनिटे कोण तपासतो?

परंतु खरे कोडे पुढेच आहे. चूक साडेपाच तासांची असती तर कोणीही ओळखले असते की भारतीय आणि जागतिक वेळेची गल्लत झाली. चूक एका तासाची असती तर परदेशातील उन्हाळी वेळेचा संशय आला असता. तेवीस मिनिटे हा आकडा आला कोठून? तपास करणाऱ्याने अशा वेळी आकड्यालाच साक्षीदार मानावे. पृच्छेतील १८:०७ ही वेळ मध्यरात्रीपासून मागे मोजली तर अंतर येते ५ तास ५३ मिनिटे. म्हणजे दुभाष्याच्या मते भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच नव्हे तर पाच तास त्रेपन्न मिनिटे पुढे होती. जगाच्या पाठीवर आज असा कोणताही देश नाही. पण एके काळी एक शहर होते.

पृथ्वी एक अंश फिरावयास चार मिनिटे घेते. कलकत्त्याचे रेखांश सुमारे ८८ अंश २२ कला. चाराने गुणले की ३५३ मिनिटे आणि २८ सेकंद, म्हणजेच ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर ठरविलेली आहे. तिचे गणित ५ तास ३० मिनिटे. या दोहोंतील अंतर ते हेच तेवीस मिनिटांचे. मिर्झापूरच्या डोक्यावर सूर्य येण्याआधी तेवीस मिनिटे तो एस्प्लनेडवरच्या मनोऱ्याच्या डोक्यावर येऊन जातो. आपल्या खिडकीचा संगणक घड्याळ सोडून सूर्याकडे पाहत होता!

पूर्वी सर्वच गावे असे करीत. प्रत्येक शहराची वेळ त्याच्या सूर्यावर. रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर ते अडचणीचे होऊ लागले, आणि १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. कलकत्त्याने आपली जुनी वेळ तरीही १९४८ पर्यंत सांभाळली. मुंबईकरांचा हट्ट तर त्याहून मोठा. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि तो १९५५ पर्यंत टिकला. दोन वेळांचा उल्लेख असलेली निमंत्रणे घरातील वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकली असतील. त्याआधी आपल्या पंचांगाचा दिवस मध्यरात्री नव्हे तर सूर्योदयाला बदलत आला आहे, आणि अजूनही बदलतो. तेव्हा ‘दिवस’ ही वस्तू आपण समजतो तितकी स्वयंसिद्ध नाही. ती कोणीतरी, कोठेतरी, कधीतरी ठरविलेली असते.

वेळांचा असा इतिहास संगणकात जपून ठेवलेला आहे. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थाने जगातील वेळांची एक यादी करावयास घेतली. स्वयंसेवकांनी ती वाढविली, आणि आज जवळजवळ प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक मोबाइलमध्ये ती असते. कोणत्या प्रदेशात कोणत्या तारखेपासून कोणती वेळ चालली, याच्या ओळींमागून ओळी तीत आहेत. प्रदेशाला नाव देताना त्यातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे शहर निवडण्याचा तिचा प्रघात. त्यामुळे भारताच्या वेळेला तेथे दिल्लीचे नाव नाही, मुंबईचे नाही. तेथे लिहिलेले असते ‘एशिया/कोलकाता’, पूर्वीचे ‘एशिया/कॅलकटा’. कोल्हापुरातला प्रोग्रामरही आपल्या प्रणालीला वेळ सांगताना कलकत्त्याचेच नाव घेतो. आणि त्या नावाखाली जी पहिलीच ओळ आहे, ती प्रमाणवेळेची नसून कलकत्त्याच्या सूर्याची आहे: पाच तास, त्रेपन्न मिनिटे, अठ्ठावीस सेकंद.

आता गुन्हेगारापर्यंत पोचावयास एकच पायरी उरली. पायथन भाषेत ही यादी वापरण्यासाठी स्टुअर्ट बिशप यांनी ‘पायटीझी’ नावाचे एक साधन लिहिले होते, आणि जँगोनेही वेळेसाठी अनेक वर्षे त्याचाच आधार घेतला. या साधनाची रीत अशी की तारीख आधी त्याच्या स्वाधीन करावयाची. ते यादी चाळून त्या तारखेला लागू पडणारी ओळ शोधते आणि ती वेळेला जोडून देते. या क्रियेचे तेथील नाव ‘लोकलाइझ’. पण पायथनची स्वतःची एक सोपी रीत आहे: वेळ बनवितानाच तिच्या शेजारी प्रदेशाचे नाव ठेवून द्यावयाचे. प्रोग्रामरला ती अधिक स्वाभाविक वाटते. तसे केले की पायटीझीला यादी चाळण्याची संधीच मिळत नाही. तारीख न कळल्यामुळे ते पहिली ओळ पुढे करते. म्हणजे २०२० सालच्या तिकिटालाही रेल्वेपूर्व कलकत्त्याची सूर्यवेळ जोडली जाते. त्या काळी पायथनला सेकंदांचा हिशेब अशा ठिकाणी चालत नसे, म्हणून वरचे २८ सेकंद गाळून ५ तास ५३ मिनिटे राहतात. संगणक कोठलीही तक्रार करीत नाही. ती करण्याचे त्याला कारण नाही. त्याच्या दृष्टीने ही एक सुसंगत, वैध वेळ आहे.

मुंबईचे नाव त्या यादीत असते तर काय झाले असते? सूर्यवेळ ४ तास ५१ मिनिटे. मग आपला दिवस मध्यरात्रीनंतर ३९ मिनिटांनी उजाडला असता, आणि मालकाला चूक दुसऱ्या बाजूने दिसली असती. कारकुनाचा मनस्ताप तेवढाच.

पायटीझीच्या माहितीपत्रकात या धोक्याची सूचना अगदी स्पष्ट शब्दांत दिलेली होती. तरी वर्षानुवर्षे माणसे त्यात पडत राहिली. हा केवळ निष्काळजीपणा असे म्हणून मी तरी प्रोग्रामरला झोडपणार नाही. जी चुकीची रीत बरोबर रीतीपेक्षा सोपी आणि सरळ दिसते, ती लोक वापरणारच. दोष काही अंशी आखणीचा. आखणी करणाऱ्यांनाही ते पटले. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या पायथनच्या ३.९ या आवृत्तीत ‘झोनइन्फो’ नावाचे नवे साधन आले. त्यात प्रदेशाचे नाव शेजारी ठेवले की योग्य ओळ आपोआप निवडली जाते. जँगोने डिसेंबर २०२१ मधील चौथ्या आवृत्तीत ते स्वीकारले आणि डिसेंबर २०२३ मधील पाचव्या आवृत्तीतून पायटीझीला निरोप दिला. परंतु लिहून चालू झालेली प्रणाली दहा दहा वर्षे चालते, आणि जुनी साधने जुन्या प्रणालींत जागच्या जागी असतात.

येथे एका खोट्या उपायाचा इशारा द्यावयास हवा, कारण तो फार मोहक आहे. तेवीस मिनिटे कमी पडतात हे कळले की कोणीतरी चतुर माणूस प्रत्येक सीमेत तेवीस मिनिटे मिळवून देतो. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळतो, शाबासकी मिळते. दोन वर्षांनी सांगाड्याची नवी आवृत्ती बसविली जाते, मूळ चूक नाहीशी होते, आणि ती मिळविलेली तेवीस मिनिटे तेवढी मागे राहतात. आता दिवस १२ वाजून २३ मिनिटांनी सुरू होतो, आणि त्याचे कारण कोणत्याही यादीत सापडत नाही.

याच खिडकीवर दुसऱ्या जातीची एक चूक घडू शकते. तिचा संबंध सूर्याशी नाही, गुणाकाराशी आहे. प्रत्येक फेरीची दोन कोष्टके आहेत असे समजा: एक प्रवाशांच्या तिकिटांचे, दुसरे टपावर चढविलेल्या सामानाच्या पावत्यांचे. मालक विचारतो, या फेरीला तिकिटे किती आणि पावत्या किती? खरे उत्तर ४० आणि १२. दुभाषा दोन्ही कोष्टके फेरीच्या क्रमांकाने एकमेकांना जोडतो. जोडताना प्रत्येक तिकीट प्रत्येक पावतीसमोर एकदा उभे राहते. ओळी होतात ४८०. मग तो तिकिटे मोजतो, ४८०. पावत्या मोजतो, ४८०. भाड्याची बेरीज मागितली तर ती बारापट. हे उत्तर इतके हास्यास्पद आहे की ते लगेच ध्यानात येईल असे वाटते. पण ज्या फेरीला सामानाची एकच पावती होती, किंवा एकही नव्हती, तिचे तिकिटांचे उत्तर अगदी बरोबर येते. दोन पावत्या असल्या तर दुप्पट, आणि दुप्पट हा आकडा सणाच्या दिवशी खरा वाटण्याजोगा असतो. थोडी बरोबर, थोडी चूक अशी मिसळलेली उत्तरे सगळ्यांत घातक. पूर्ण चूक परवडली.

जँगोच्या माहितीपत्रकात हीही सूचना आहे: एकाच पृच्छेत दोन वेगवेगळ्या संबंधांच्या मोजण्या एकत्र केल्या तर उत्तर चुकेल. मोजणीपुरता उपाय सोपा आहे. एकच वस्तू दोनदा मोजू नये, असे ‘डिस्टिंक्ट’ या शब्दाने सांगता येते. बेरजेला मात्र तो उपाय लावू नये. एकाच भाड्याची चाळीस तिकिटे असली तर ‘वेगवेगळी भाडी तेवढी मिळवा’ असे सांगितल्यावर चाळीस तिकिटांचे एकाच तिकिटाएवढे पैसे होतील. तेथे प्रत्येक बेरीज स्वतंत्र उपपृच्छेत काढून मग शेजारी मांडावी लागते.

तिसरा प्रकार रिकाम्या जागेचा. कोष्टकात जेथे माहिती नाही तेथे ‘नल’ असते. ते शून्य नव्हे, ‘ठाऊक नाही’ असा त्याचा अर्थ. त्यामुळे पृच्छेच्या तर्कशास्त्रात खरे आणि खोटे यांच्या जोडीला अज्ञात हे तिसरे उत्तर येते. ‘या यादीत नसलेले प्रवासी सांग’ असे विचारावे आणि यादीत एक जागा रिकामी असावी, की साठा म्हणतो: त्या रिकाम्या जागी कोण आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून कोणीच यादीत नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उत्तर येते, एकही प्रवासी नाही. मायएस्क्यूएल या साठ्यात वर सांगितलेली वेळांची यादी भरून ठेवलेली नसेल, तर स्थानिक तारखेने विचारलेल्या प्रश्नालाही याच वाटेने रिकामे उत्तर मिळते. पाहणारा समजतो, त्या दिवशी विक्री झाली नाही.

हे तिन्ही प्रकार शोधण्याची रीत मात्र एकच आहे, आणि तिला विशेष विद्वत्ता लागत नाही. महिनाभराचा हिशेब घेऊन बसू नये. हाताने मोजता येईल असा लहानात लहान भाग घ्यावा: एक दिवस, एक फेरी, पाचसहा तिकिटे. उत्तर आधी कागदावर काढावे. मग साठ्याकडे गेलेली प्रत्यक्ष पृच्छा वाचावी आणि तीच स्वतः साठ्याला विचारावी. तेथेही उत्तर चुकीचेच आले, तर साठा निर्दोष. दुभाषा किंवा त्याला शिकविणारा दोषी. त्यानंतर पृच्छेतील जोडण्या एक एक करून सुट्या कराव्या, सीमा एक एक करून सरकवाव्या, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि उत्तर बरोबर आले, तर चूक दुरुस्त होते पण सापडत नाही.

आणि चूक येण्याची वाट पाहावयाची नसेल, तर काही नोंदी मुद्दाम पेरून ठेवाव्या. एक तिकीट ३१ मार्चच्या रात्री ११ वाजून ३६ मिनिटांचे, एक ११ वाजून ३८ मिनिटांचे, एक बाराला एक मिनिट असतानाचे, आणि एक १ एप्रिल उजाडल्यावर पहिल्याच मिनिटाचे. एक फेरी सामानाच्या पावत्या नसलेली, एक दोन पावत्यांची. एक प्रवासी नाव न लिहिलेला. मग वर्षअखेरीचा हिशेब मागवावा आणि ११:३८ चे ते तिकीट कोणत्या आर्थिक वर्षात पडले आहे ते पाहावे. पुढच्या वर्षात पडले असेल, तर खिडकीवरच्या माणसाला बोलावणे धाडण्यापूर्वी पृच्छेतील वेळेपुढे साडेपाच तास लिहिले आहेत की पाच तास त्रेपन्न मिनिटे, एवढे वाचून घ्यावे.